खेळ येणार, पण कधी? – वाट पाहण्याचे आरोग्य

उचगावात पुलाच्या अलीकडे-पलीकडे राहणारी पुष्कळ तरुण मुले गोकुळ शिरगाव किंवा शिरोलीच्या कारखान्यांत पाळीने कामाला जातात. अशाच एखाद्या घरातले चित्र डोळ्यांसमोर आणा. मुलगा दुसऱ्या पाळीवरून रात्री उशिरा घरी येतो. आईने ताट वाढलेले असते, पण ताटाआधी मोबाईल उघडला जातो. आई विचारते, "आलं काय रे तुझं ते?" मुलगा मान हलवून म्हणतो, "नाही अजून."

हे 'ते' म्हणजे नोकरीचे पत्र किंवा लग्नाचे स्थळ असते तर आईला समजले असते. पण मुलगा वाट पाहतो आहे ती एका संगणकीय खेळाच्या पुढच्या भागाची. या वाट पाहण्याचा आणि आरोग्याचा काय संबंध, असे वाचकांना वाटेल. संबंध आहे, आणि तो नीट समजून घेतला तर घरातले बरेच वाद टळतील.

खेळ तरी कसला?

या खेळात खेळणारा स्वतः एक पात्र होतो. योद्धा, जादूगार किंवा चोर यांपैकी काय व्हायचे हे तोच ठरवतो. मग एका काल्पनिक जगात तो महिनोन्महिने भटकतो, मित्र जोडतो, राक्षसांशी लढतो. 'द एल्डर स्क्रोल्स' या अशाच मालिकेतला 'स्कायरिम' हा पाचवा भाग ११ नोव्हेंबर २०११ रोजी आला. सहावा भाग येणार, ही घोषणा जून २०१८ मध्ये झाली. त्या वेळी दाखवलेली झलक जेमतेम अर्ध्या मिनिटाची होती. त्यानंतर सात वर्षे गेली, तरी २०२५ अखेर खेळ बाजारात आला नव्हता. 'बाल्डर्स गेट' या दुसऱ्या मालिकेचा दुसरा भाग २००० साली आला आणि तिसरा २०२३ च्या ऑगस्टमध्ये. म्हणजे तिच्या चाहत्यांनी तेवीस वर्षे वाट पाहिली!

आता हिशेब करा. २०११ साली दहावीत असलेला मुलगा २०२५ मध्ये तिशीच्या उंबरठ्यावर आला. पहिल्यांदा खेळला तेव्हा त्याला मे महिन्याची सुट्टी होती, शेजारी मित्र बसलेला होता, डोक्यावर हप्ते नव्हते. तो नुसत्या खेळाची वाट पाहत नाही. त्या दुपारची वाट पाहतो आहे. आपणही जुने गाणे लागले की कामातला हात थांबवतोच की! म्हणून याला खूळ म्हणून मोकळे होऊ नये.

मेंदूत काय घडते?

सुखाची वाट पाहणे हेही एक सुखच आहे. आपल्या मेंदूत डोपामिन नावाचे रसायन असते. वुल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांवर प्रयोग केले. एक खूण दाखवायची आणि थोड्या वेळाने फळाच्या रसाचा थेंब द्यायचा. माकडे सरावल्यावर असे दिसले की, डोपामिनच्या पेशी रस मिळाल्यावर नव्हे, तर खूण दिसताच उसळू लागल्या. २००३ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट प्रसिद्ध केली. रस मिळेल की नाही याची शक्यता निम्मी-निम्मी असली, की खूण दिसल्यापासून रसाची वेळ येईपर्यंत या पेशींची हालचाल चढत जाते.

माकडाचा नियम माणसाला जसाच्या तसा लावू नये, पण त्यातून एक गोष्ट ध्यानात येते. गणपती कधी येणार हे कालनिर्णयात छापलेले असते. त्यामुळे मुले आनंदाने दिवस मोजतात आणि रात्री स्वस्थ झोपतात. खेळाची तारीख मात्र कुठेच छापलेली नसते. 'आज काही कळेल' ही आशा दर तासाला नवी होते आणि हात पुन्हा मोबाईलकडे जातो. दहा वेळा काही मिळत नाही, अकराव्या वेळी एखादी अफवा मिळते, आणि तेवढ्यावर ही सवय पक्की होते. त्रास वाट पाहण्याचा नाही, तारीख नसल्याचा आहे.

यावर उपाय साधा आहे. तारीख कंपनी देत नसेल, तर बातमी पाहण्याची वेळ आपण ठरवावी. आठवड्यातून एक दिवस, समजा रविवारी सकाळी चहाच्या वेळी, अर्धा तास काय ते वाचावे. एरवी त्या विषयाच्या सूचना मोबाईलवर बंद ठेवाव्यात. मोठी बातमी असेल तर मित्र सांगतीलच!

आजार केव्हा म्हणायचा?

जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या नव्या यादीत खेळाच्या व्यसनाचा समावेश केला आहे. ही यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्यासाठी तीन लक्षणे पाहिली जातात. खेळण्यावर ताबा राहत नाही. इतर आवडी व रोजची कामे मागे पडून खेळच पहिला होतो. आणि नुकसान दिसत असूनही तो सुटत नाही. हे साधारणपणे बारा महिने चालले आणि त्यामुळे घर, शिक्षण किंवा कामाची घडी विस्कटली, तरच व्यसन म्हणतात. नुसती वाट पाहणारा, कामावर वेळेवर जाणारा, मित्रांत हसणारा मुलगा आजारी नाही.

लक्ष द्यावे ते झोपेकडे. प्रौढ माणसाला सात तास आणि चौदा ते सतरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी. पाळीने काम करणाऱ्याची झोप आधीच तुटकी असते. तीतून आणखी दोन तास गेले आणि सकाळी यंत्रापुढे डुलकी लागली, तर बोटे जायला क्षण पुरतो. खेळासाठी महागडा संगणक हप्त्यांवर घेण्याचा विचार असेल, तर तो खेळाची तारीख जाहीर झाल्यावरच करावा.

खेळ हाती आल्यावर

पहिल्या आठवड्यात ताबा सुटण्याचा संभव अधिक. पडद्याकडे टक लावली की पापण्यांची उघडझाप निम्म्यावर येते, म्हणून डोळे कोरडे होऊन चुरचुरतात. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांवरचे काही पाहावे. तासाला एकदा उठून चालावे, पाणी प्यावे. आपल्या कोल्हापूरचा पैलवान कुस्तीच्या आशेने वर्षभर मेहनत करतो, पण खुराक आणि झोप चुकवत नाही. हाच नियम येथेही लावावा.

घरच्यांनी काय करावे?

"फेकून देते तो मोबाईल" म्हटल्याने मोबाईल फक्त पांघरुणात जातो. त्याऐवजी एकदा विचारावे, "काय असतं रे त्या खेळात?" मुलगा सांगू लागेल. त्याच्या बोलण्यातून कळेल, की त्याला खेळाची ओढ आहे की घरातल्या किंवा कामावरच्या एखाद्या दुःखापासून पळायचे आहे. दुसरी गोष्ट असेल तर वेळ दवडू नये. शासनाची टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयात मानसोपचार विभागही आहे. तेथे जाण्यात कमीपणा नाही.

आणि तसे काही नसेल, तर आईने ताट पुढे सरकवावे आणि म्हणावे, "येईल तेव्हा येईल रे, आधी जेव." सात वर्षे थांबलेला खेळ आणखी अर्धा तास थांबेल. गरम भाकरी थांबत नाही.