ओपन : समुद्रवाऱ्यातली गोल्फ स्पर्धा

पुरुषांच्या व्यावसायिक गोल्फमध्ये मास्टर्स, पीजीए, यूएस ओपन आणि ओपन चॅम्पियनशिप या चारच स्पर्धांना ‘मेजर’चा मान आहे. त्यांतली ओपन सर्वांत जुनी. बाकीच्या तिन्ही अमेरिकेच्या. ओपन मात्र दर जुलैत स्कॉटलंड, इंग्लंड किंवा उत्तर आयर्लंडच्या एखाद्या समुद्रकाठच्या मैदानावर होते.

सेंट अँड्रूजचा अ‍ॅलन रॉबर्टसन हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला सर्वश्रेष्ठ गोल्फपटू मानला जाई. 1859मध्ये तो वारला आणि आता पहिला कोण, हा प्रश्न उभा राहिला. तो सोडवण्यासाठी स्कॉटलंडमधल्या प्रेस्टविक क्लबने 17 ऑक्टोबर 1860 रोजी स्पर्धा भरवली. आठ जण आले. त्या वेळचे व्यावसायिक म्हणजे खेळाडूंच्या काठ्या वाहणारे कॅडी, चेंडू आणि काठ्या बनवणारे, मैदानाची निगा राखणारे कष्टकरी लोक. बारा होलच्या मैदानाला एकाच दिवसात तीन फेऱ्या झाल्या आणि 174 फटक्यांत विली पार्क जिंकला. बक्षीस काय, तर चांदीच्या बकलाचा तांबड्या चामड्याचा पट्टा. रोख रक्कम नव्हतीच. पुढच्या वर्षी हौशी खेळाडूंनाही प्रवेश मिळाला आणि स्पर्धा खऱ्या अर्थाने सर्वांना खुली झाली.

सुरुवातीची वर्षे मॉरिस बापलेकांनी गाजवली. थोरला टॉम 1867मध्ये वयाच्या 46व्या वर्षी जिंकला, तर धाकटा टॉम पुढच्याच वर्षी अवघ्या 17व्या वर्षी. सर्वांत वयस्क आणि सर्वांत तरुण विजेता हे दोन्ही विक्रम आजही त्यांच्याच घरात आहेत. सलग तीनदा जिंकणाऱ्याने पट्टा कायमचा न्यावा, असा नियम होता. धाकट्याने 1870मध्ये तो नेला आणि द्यायला काही उरलेच नाही. 1871ची स्पर्धा झालीच नाही. मग तीन क्लबांनी वर्गणी काढून चांदीचा ‘क्लॅरेट जग’, म्हणजे वाइनचा चंबू, घडवून घेतला. 1872मध्येही धाकटा टॉमच जिंकला. जगवर पहिले नाव त्याचे आहे, पण जग तयार होईपर्यंत त्याला पदकावर समाधान मानावे लागले. तीनच वर्षांनी, 24व्या वर्षी तो गेला.

ओपन खेळली जाते ती मैदाने ‘लिंक्स’ म्हणून ओळखली जातात. समुद्र आणि शेतजमीन यांच्यामधली ही वाळूची, उंचसखल, पिकाच्या कामाची नसलेली जमीन. तिच्यावर बारीक, चिवट गवत वाढते, पाणी लगेच मुरते आणि जमीन टणक राहते. झाडे जवळपास नसतात, म्हणून वारा अडत नाही. बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, अरुंद पण खोल. कधी चेंडू बाहेर काढायला उलट्या दिशेने मारावा लागतो. उंच उडवलेला चेंडू वारा कुठेही नेतो, म्हणून जाणता खेळाडू तो कमी उंचीवर ठेवतो आणि जमिनीवरून पळू देतो. 2006च्या ओपनमध्ये होयलेकचे मैदान उन्हाने वाळले होते, चेंडू आपोआपच दूर पळत होता. टायगर वूड्सने 72 होलांत सर्वांत लांब मारणारी काठी, ड्रायव्हर, एकदाच वापरली आणि तो जिंकला.

स्पर्धा चार दिवस, रोज 18 होलांची. सर्वांत कमी फटके घेणारा विजेता. पहिले दोन दिवस साधारण 156 खेळाडू तिघातिघांच्या गटांत एकाच टीवरून, म्हणजे सुरुवातीच्या जागेवरून, निघतात, त्यामुळे पहिला गट सकाळी साडेसहाच्या सुमारास, तर शेवटचा दुपार कलल्यावर. सकाळी निवांत वारा आणि दुपारी वादळ असेल, तर क्रिकेटमधल्या नाणेफेकीसारखा नशिबाचा भाग मोठा होतो. काहींना हा अन्याय वाटतो. पण हवामान वगळले, तर ओपनचे ओपनपणच जाईल. दोन दिवसांनंतर पहिले 70 आणि बरोबरीचे खेळाडू उरतात. 2002मध्ये म्युअरफिल्डला तिसऱ्या दिवशी असे वादळ उठले, की त्या वर्षीच्या आधीच्या दोन्ही मेजर जिंकून आलेल्या वूड्सला 81 फटके लागले.

पण प्रत्येक पडझडीचा दोष वाऱ्याला देता येत नाही. 1999मध्ये कार्नूस्टीच्या शेवटच्या होलवर फ्रान्सचा जाँ व्हॅन दे व्हेल्दे तीन फटक्यांनी पुढे होता. सहा फटके घेतले असते तरी जिंकला असता. जपून खेळण्याऐवजी त्याने ड्रायव्हर काढला. दुसरा फटका प्रेक्षकांच्या स्टँडवर आदळून मागे आला, तिसरा ओढ्यात गेला. बूटमोजे काढून तो पाण्यात उतरला, शेवटी दंडाचा फटका घेऊन बाहेर आला, मग बंकरमध्ये अडकला. सातव्या फटक्याला चेंडू होलमध्ये गेला. तिघांची बरोबरी झाली आणि त्यांच्या प्लेऑफमध्ये अखेरच्या दिवशी दहा फटके मागून सुरुवात केलेला पॉल लॉरी जिंकला.

मानांकनातून प्रवेश न मिळालेल्यांसाठी पात्रता फेऱ्या असतात. ठरावीक दर्जाचा क्लब प्रशिक्षक किंवा हौशी खेळाडूही त्यांतून येऊ शकतो. भारताशी जुना धागा पीटर थॉमसनचा. पाच वेळा ओपन जिंकणारा हा ऑस्ट्रेलियन 1964मध्ये पहिल्या इंडियन ओपनचाही विजेता होता. भारतीयांत ज्योती रंधावा 2004मध्ये संयुक्त 27वा आला होता. 2023मध्ये होयलेकला शुभंकर शर्मा संयुक्त आठवा आला; तोपर्यंत या स्पर्धेत कोणताही भारतीय इतका वर पोहोचला नव्हता.