स्वतःसाठी चढलेला डोंगर

मनमाडवरून जाणाऱ्या आगगाडीतील प्रवाशाचे लक्ष हडबीच्या शेंडीचा सुळका हमखास वेधून घेतो. नांदगाव तालुक्यातील कित्येक स्त्रियांना तो रोज दिसतो. त्यावर चढण्याचा विचार मात्र फार थोड्या जणींच्या मनात येत असेल. याचे कारण शक्तीचा अभाव हे खास नव्हे. टंचाईच्या या मुलुखात डोईवर हंडे घेऊन त्यांनी मैलोगणती पायपीट केली आहे. सप्तशृंगीच्या यात्रेलाही त्या पायी जातात. परंतु पाणी घरासाठी असते आणि यात्रा देवीसाठी. निव्वळ स्वतःसाठी डोंगर चढावयाचा, तर स्त्रीला आजही कारण सांगावे लागते.

जपानच्या जुन्को ताबेई यांनी १९६९ मध्ये खास स्त्रियांचे गिर्यारोहण मंडळ स्थापन केले आणि १९७५ मध्ये एव्हरेस्टवर पाऊल ठेवणारी पहिली स्त्री होण्याचा मान मिळविला. १९८४ मध्ये बचेंद्री पाल यांनी भारतीय स्त्रियांसाठी ती वाट खुली केली. प्रत्येकीने एव्हरेस्टच गाठावे, असे नाही. स्त्रियांच्या पथकात वाट, ओझे, मुक्काम, माघार यांचे निर्णय त्यांनाच घ्यावे लागतात. दोरावर एकीचा जीव दुसरीच्या हाती असतो. एरवी घरच्यांच्या होकाराकडे डोळे लावून बसणाऱ्या स्त्रीला हे शिक्षण अन्यत्र क्वचितच मिळते.

शेंडीचा अखेरचा टप्पा दोराचा व जाणकारांचा आहे. आरंभ जवळच्या अंकाई-टंकाईपासून करता येईल. शाळांनी व महिला मंडळांनी एवढा पुढाकार अवश्य घ्यावा. डोंगर उतरल्यावर घर तेच असेल. परतणारी स्त्री मात्र तीच राहणार नाही.