वाद्याचे व्होल्टेज संगणकात नेताना

1982 साली मुंबईत चरणजित सिंग यांनी रोलँडच्या यंत्रांवर रागांची तबकडी केली. त्यांतील टीबी-303 ला स्वराचे व्होल्टेज बाहेर देणारे सॉकेट आहे. 1 व्होल्टला एक सप्तक, अर्ध्या स्वराला अवघे 83 मिलिव्होल्ट!

असे यंत्र किंवा मॉड्युलर सिंथेसायझर संगणकाला जोडून द्या म्हणून गिऱ्हाईक आले, तर छत्रपती संभाजीनगरच्या कारागीर बांधवांनी साधे साउंड कार्ड गळ्यात मारू नये. त्यातील कपॅसिटर स्थिर व्होल्टेज अडवतो. आवाज जातो, हुकूम अडतो. डीसी-कपल्ड इंटरफेसच हवा. महाग आहे खरा, पण परत आलेला माल अधिक महाग पडतो. शिवाय पुष्कळ इंटरफेसमध्ये बाहेर पाठवण्याची वाट डीसी असते, आत घेण्याची नसते. रेकॉर्डिंगला आतलीच लागते. दोन्ही तपासा, मगच बिल फाडा.