दमा बळावतो तेव्हा
डिसेंबर-जानेवारीत जबलपुरात थंडी वाढली की सिविल लाइंसमधील घरांच्या खिडक्या बंद होतात, कोठे शेगडीही पेटते. दम्याच्या रुग्णास हाच काळ जड जातो. गार हवा, सर्दी व धूर यांमुळे श्वासनलिकांना सूज येते, त्यांचे स्नायू आवळतात आणि श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज येऊ लागतो.

अशा वेळी आडवे होऊ नये. ताठ बसावे, कपडे सैल करावेत व डॉक्टरांनी लिहून दिलेला त्वरित आरामाचा इनहेलर (बहुधा साल्ब्युटामॉल) त्यांनी सांगितलेल्या प्रमाणात घ्यावा. स्पेसर लावल्यास औषध फुफ्फुसांत अधिक पोहोचते. मात्र एका वेळी एकच फवारा सोडावा.

इनहेलरची सवय लागते, हा समज निराधार आहे आणि घातकही. या भीतीपोटी सूज उतरवणारा रोजचा इनहेलर बरे वाटताच बंद केला जातो व दमा पुन्हा उसळतो. तो इनहेलर घेतल्यावर चूळ भरावी, एवढेच पथ्य.

उदबत्ती व डासांची कॉइल रुग्णापासून दूर ठेवावी. बंद खोलीतील शेगडी तर निरोगी माणसाच्याही जिवावर बेतते. झटक्यानंतर काही दिवस विश्रांती आवश्यक असते. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या स्त्रीला ती घरच्यांनी मिळवून द्यावी.

एका श्वासात वाक्य पुरे होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, गुंगी येत असेल किंवा इनहेलरचा आराम चार तासही टिकत नसेल, तर सकाळची वाट न पाहता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. इनहेलर व औषधांची चिठ्ठी सोबत घ्यावी.