साइनचा पाव भाग पुरेसा आहे!

साइन १५०° किती? पाठांतर नकोच. १ त्रिज्येचं वर्तुळ काढा. ३०° आणि १५०° चे बिंदू उभ्या अक्षाच्या दोन बाजूंना, पण एकाच उंचीवर येतात. साइन म्हणजे हीच उंची, म्हणून दोन्हींचं उत्तर ०.५. आलेखाचा कागद ९०° च्या उभ्या रेषेवर दुमडा, वक्र स्वतःवरच बसतो.

कोन ऋण केला की बिंदू आडव्या अक्षाच्या तेवढाच खाली जातो: साइन(−३०°) = −०.५. म्हणूनच आरंभबिंदूभोवती आलेख १८०° फिरवला तरी तो जसाच्या तसा दिसतो.

मला सगळ्यात भारी वाटतं ते पुढचं. ०° ते ९०° एवढा तुकडा हाती असला, की उरलेला अख्खा आलेख त्यातूनच मिळतो. आर्यभटांनी ‘आर्यभटीय’मध्ये ‘ज्या’ (साइनचंच जुनं रूप) यांच्या किमतींमधले २४ फरक दिले, तेही पाव वर्तुळापुरतेच, ३°४५′ च्या टप्प्यांनी. दीड हजार वर्षांपूर्वी! तेवढ्यावर कुठल्याही कोनाची ज्या काढता येते.

२१०° हवाय? १८० वजा करा, ३० उरले. बिंदू अक्षाखाली, म्हणून −०.५. आता ३००° तुम्ही करा. सुमारे −०.८६६ यायला हवं. कमेंटमध्ये रीत लिहा, नुसतं उत्तर नको.