साडेतीन मीटरची पोर

२७ जुलै २०२१ रोजी तुर्कस्तानातल्या गाझियानतेप शहरातून दहा वर्षांची एक मुलगी निघाली. सीरियातून परागंदा झालेली, आईच्या शोधात. नाव अमल, अरबीत अमल म्हणजे आशा. ८००० किलोमीटरच्या वाटेवरची गावं-शहरं पायाखाली घालत ती नोव्हेंबरात इंग्लंडमधल्या मँचेस्टरला पोचली. उंची ३.५ मीटर! आपल्या घरात उभी राहिली तर छताला भोक पडेल.

अमल ही बाहुली. दक्षिण आफ्रिकेतल्या हँडस्प्रिंग पपेट कंपनीनं वेत आणि कार्बन फायबर वापरून घडवलेली. पोटात एक माणूस, पायांना उंच काठ्या बांधून चालणारा. तोच दोऱ्यांच्या एका जाळीनं तिचं डोकं आणि चेहरा हलवतो. बाहेरून दोघं एकेक हात सांभाळतात. ही माणसं लपत नाहीत, सगळ्यांना दिसतात. तरी पोरं धावत येऊन हात मिळवतात ते अमलशीच.

हे कसं जमतं? थोडा हिशोब मांडू. दहा वर्षांची मुलगी समजा १.४ मीटर उंच आणि ३० किलो वजनाची. तिला अडीचपट उंच केलं की ती ३.५ मीटर होते. पण उंचीबरोबर रुंदी आणि जाडीही अडीचपट होणार, म्हणून वजन अडीच गुणिले अडीच गुणिले अडीच, जवळजवळ सोळापट वाढतं. हाडामांसाची अमल साडेचारशे किलोंच्या वर गेली असती! एवढं ओझं खांद्यावर घेऊन मिरवणार कोण? म्हणून मिरवायच्या बाहुल्या आतून पोकळच असतात: वेत, बांबूच्या कामट्या, कागदाचा लगदा, कापड. शिवाय वारा. मोठं अंग म्हणजे शीडच. सांगाडा टोपलीसारखा विरळ ठेवला तर निदान थोडा वारा आरपार जातो.

खरी गंमत पुढेच आहे. बाहुली हलकी झाली, आता ती जड दिसायला हवी. झोपाळ्याची दोरी लांब असेल तर झोका सावकाश जातो, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. चालताना पायही झोक्यासारखाच पुढे जातो. अडीचपट लांब पायाला एका पावलासाठी साधारण १.६ पट वेळ लागायला हवा. आपण कधी गणित केलेलं नसतं, पण डोळ्यांना ते येतं. अमल लगबगीनं चालली असती तर पेंढा भरलेलं बुजगावणं वाटली असती. पाऊल रेंगाळतं, डोकं त्याच्यामागून वळतं, आणि तेवढ्या विलंबातून, माझ्या मते, नसलेलं वजन दिसू लागतं. ग्रीसमधल्या लारिसा शहरात निर्वासितांना विरोध करणाऱ्यांनी तिच्यावर दगड मारले. वेताच्या टोपलीवर कोणी दगड मारतं का?

आपल्याकडे मोखाडा-जव्हारच्या आदिवासी पाड्यांवर बोहाड्यात, म्हणजे मुखवट्यांच्या उत्सवात, देवादिकांची सोंगं नाचतात. मशालींच्या उजेडात, संबळाच्या ठेक्यावर. मोठा मुखवटा बांधला की मान मोकळेपणी वळत नाही, बघायचं तर अख्खं धड फिरवावं लागतं. मला वाटतं, देवपण अर्धंअधिक त्या अडचणीतूनच येतं. माणूस नुसती नजर टाकतो. सोंग सगळंच्या सगळं तुमच्याकडे वळतं.

गोव्यातल्या शिगम्यात सत्तरी-डिचोलीकडची घोडेमोडणी नेमकी उलट, चपळ. कमरेला घोड्याचा सांगाडा, एका हातात लगाम, दुसऱ्यात तलवार, आणि ढोल-ताशांचा कडकडाट. घोड्याला पाय नाहीतच! नाचणाऱ्याचे दोन पाय घोड्याचे, वरचं धड स्वाराचं. जोड असते ती कमरेशी, आणि ती झाकतं एक झुलणारं कापड. इथं घोडा आणि माणूस साधारण आपापल्या मापाचेच, म्हणून पावलाला रेंगाळायची गरज नाही. ओझंही मानेवर नाही, कमरेवर.

एक प्रयोग घरी करून बघा. छत्री उघडायची, टोकाला वर्तमानपत्राचं डोकं खोचायचं, काठावरून जुनी चादर सोडायची. आत शिरून अंगणात नेहमीच्या चालीनं एक फेरी मारा. दुसऱ्या फेरीला प्रत्येक पावलाला दीडपट वेळ घ्या, आणि वळताना पाय थांबल्यावर मग छत्री फिरवा. लांबून बघायला घरातलं एखादं लहान मूल बसवा. कुठल्या फेरीला ते आईच्या मागे लपतं, हे आईलाच विचारा.