आज्यांनी झाकलेलं मूळ

"माहेर कुठलं गं तुझं? मूळ गाव कोणतं?" नव्या सुनेला हे प्रश्न ठरलेलेच. अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचियन डोंगरांत मात्र कित्येक आज्या मूळ विचारलं, की एकच उत्तर देत, "आम्ही पोर्तुगीज!"

टेनेसी राज्यातल्या हॅनकॉक काउंटीत न्यूमन्स रिज नावाचा डोंगर आहे. तिथं आणि शेजारच्या व्हर्जिनियात मेलंजन लोकांची जुनी वस्ती. कॉलिन्स, गिब्सन, गोइन्स, मलिन्स ही त्यांची आडनावं. 'मेलंजन' हा शब्द पूर्वी शिवीसारखाच वापरला जाई.

आज्यांच्या उत्तरामागे भीती होती. १८३४च्या राज्यघटनेनं टेनेसीतल्या स्वतंत्र कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढून घेतला. १९२४मध्ये व्हर्जिनियानं वंशशुद्धीचा कायदा करून गोऱ्यांना इतरांशी लग्न करायला बंदी घातली. तिथल्या जन्ममृत्यू नोंदणीचे प्रमुख वॉल्टर प्लेकर यांनी १९४३मध्ये काउंटीवार आडनावांची यादीच काढली आणि निबंधक, डॉक्टर, नर्स, शाळाधिकारी सगळ्यांना धाडली. या घरांतल्यांना गोरे म्हणून नोंदवू नका, असा इशारा! लेकराची शाळा कोणती, लग्न कुणाशी, सगळं त्या एका रकान्यावर अडलेलं. मैत्रिणींनो, सांगा बरं, कोणती आई खरं बोलेल?

लग्नबंदीचे असे कायदे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९६७मध्ये रद्द केले. हळूहळू नातवंडं उघडपणे मूळ शोधू लागली. २०१२मध्ये काही मेलंजन घराण्यांच्या डीएनए तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बापांच्या बाजूनं बऱ्याच घराण्यांचं मूळ आफ्रिकेत निघालं, आयांच्या बाजूनं युरोपात.

इथं एक जुना कायदा आठवतो. व्हर्जिनियात १६६२मध्ये ठरलं होतं, की मूल गुलाम की स्वतंत्र, हे आईवरून ठरेल. गुलाम स्त्रियांची मुलं मालकाचीच राहावीत, हा त्यातला कावा. पण आई स्वतंत्र असली, तर त्याच कायद्यानं मूलही स्वतंत्र! आफ्रिकी पुरुषांशी संसार करणाऱ्या गोऱ्या बायकांच्या लेकरांना गुलामीतून वाचवलं ते आईच्या दर्जानं. त्यांच्यातल्या बहुतेकींची नावंही आज कुणाला ठाऊक नाहीत.

पुढच्या आज्यांनी मूळ झाकलं, तेही लेकरांसाठीच. त्यांना खोटारड्या म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही. लाज वाटायची तर ती त्या यादीची वाटावी.